पाचाची चार नाणी

तारीख अठ्ठावीस डिसेंबर, शनिवार, दोन वर्षांपूर्वीचा. रक्कम पाच रुपये. हजर दोघं: मी, आणि माझ्या धाकट्या भावाची बायको. जागा हैदराबाद, चारमिनारच्या समोरचा रस्ता. आजूबाजूला हजारभर माणसं असतील, पण आमच्या घरची तिथे आम्ही दोघंच होतो आणि जे झालं ते आमच्या दोघांतच झालं. म्हणून बाकीच्यांना मी हजर धरत नाही.

मी शाळेत लिपिक आहे. पगारपत्रकं, फी, शिष्यवृत्तीच्या याद्या हे माझं काम. घरी चार एकर शेती आहे, ती भाऊ पाहतो. किन्हीराजाच्या पुढे आमचं गाव. दोन्ही भावांची चूल एकच, आणि घरचा हिशोब माझ्याकडे. हे मला कोणी दिलेलं काम नाही. मला ते जमतं आणि दुसऱ्यानं केलेलं मला पटत नाही, म्हणून ते माझ्याकडे आहे.

सहलीला आम्ही पाच जण होतो. मी, माझी बायको, भाऊ, भावाची बायको आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. भावाच्या बायकोला आम्ही घरात धाकटी म्हणतो. म्हणजे बाकीचे म्हणतात. मी तिला काहीच म्हणत नव्हतो, कारण मी तिच्याशी बोलत नव्हतो.

यात भांडण नाही. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. तो मान असतो. मी घरात आलो की तिच्या डोक्यावर पदर येतो, ती बाजेवर बसलेली असेल तर उठते. चहा माझ्या हातात देत नाही, स्टुलावर ठेवते. मी उचलतो. आता शहरात हे राहिलेलं नाही, आमच्या गावातही नव्या सुना भासऱ्यासमोर मोबाइलवर बोलत निघून जातात. पण आमच्या घरात आई होती तोवर ते पाळलं गेलं आणि आई गेल्यावर मोडायला काही कारण झालं नाही. पंधरा वर्षं झाली होती.

काही अडत नव्हतं असं मला वाटायचं. मधे आधी आई होती, मग माझी बायको, आणि पुतणी बोलायला लागल्यापासून पुतणी. मी जेवायला बसलेलो असतो, धाकटी चुलीजवळ, मधे चार हात अंतर. ती मुलीला म्हणणार, "मोठे बाबाले विचार, भाजीत मीठ बराबर हाये का." पुतणी मला विचारण्याआधीच मी पुतणीला सांगणार, "बराबर हाये मनाव." एकदा पोरगी वैतागून म्हणाली होती, "तुमाले दोघाईलेबी आयकू येते ना? मंग मी कायले मधात?" सगळे हसलो होतो. मीही.

सहलीआधी एकदा आम्ही माहूरला गेलो होतो. तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या खिशातून खर्च केला आणि शेवटी तीनशे चाळीस रुपयांचा मेळ लागला नाही. तो फरक माझ्या वहीत अजून तसाच आहे. म्हणून या वेळी मी ठरवलं की पैसे एका हाती. माझे आठ हजार, भावाचे सहा हजार. निघायच्या आदल्या दिवशी भावानं आणखी पंधराशे आणून दिले.

"हे कायचे?" मी विचारलं.

"तिच्या शिलाईचे. मनते, पोरीचा खर्च जास्त होईन, कमी नोको पडाले."

धाकटी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. एका ब्लाऊजचे तेव्हा साठ रुपये घेत होती. पंधराशे म्हणजे पंचवीस ब्लाऊज. हा भागाकार मी तेव्हाच मनात केला होता आणि मला बरं वाटलं होतं की घरात हिशोबी माणूस मी एकटाच नाही. मी ते पैसे पाकिटात टाकले. वहीत एकूण लिहिलं: पंधरा हजार पाचशे.

संध्याकाळी पिशव्या भरणं चालू असताना मी सगळ्यांना सांगितलं, "आपापले पैसे कोणी काढाचे नाही. बायकांनी पर्सा घरीच ठेवा, तिथं गर्दी राह्यते, चोऱ्या होतात. ज्याले जे लागन ते मले मागा."

धाकटी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात, पाठमोरी, पुऱ्या डब्यात भरत होती. हे वाक्य मी ज्यांना सांगितलं त्यांत एक माणूस असं होतं की जे मला काहीही मागू शकत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. कोणालाच सुचलं नाही. तिला सुचलं असेल.

वाशिमहून रात्रीची गाडी. सकाळी उतरलो, स्टेशनजवळ लॉज घेतला, दोन खोल्या. आंघोळी, चहा. आठ वाजता बाहेर पडलो. आधी तळ्यातला मोठा बुद्ध पाहायला गेलो, तिथे बोटीनं जावं लागतं. तिकिटं काढून रांगेत उभे होतो तेव्हा बायको जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दहा रुपये द्या. आमी दोघी जाऊन येतो." पलीकडे बायकांचं शौचालय होतं, माणशी पाच रुपये. पुरुषांच्या बाजूला लघवीला पैसे नव्हते. मी आणि भाऊ तोवर एकेकदा जाऊन आलो होतो.

पाकिटात पाचाचं एकच नाणं होतं. बाकी शंभराच्या आणि पाचशेच्या नोटा. मी म्हणालो, "तू जाय पह्यले. मी सुटे करून आणतो, मंग ती जाईन."

बायको गेली. मी टपरीवर जाऊन वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतली. प्यायला पाणी लागणारच होतं आणि सुटेही होणार होते. शंभराचे ऐंशी परत आले: विसाच्या तीन नोटा आणि पाचाची चार नाणी. मी परत आलो तेव्हा बायको आली होती, पण बोटवाला "चलो चलो" करत होता आणि आमची रांग सरकली होती. बायकोनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान हलवली: नाही, राहू दे. आम्ही बोटीत बसलो. चार नाणी माझ्या शर्टाच्या खिशात राहिली.

बुद्धाची मूर्ती पाहून परत यायला साडेअकरा झाले. तिथून लगेच बस मिळाली म्हणून थांबलो नाही. चारमिनारला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

वर चढायला पंचवीस रुपये तिकीट, लहान पोरांना माफ. जिना अरुंद आणि वर्तुळाकार. माझा उजवा गुडघा मला जिना चढू देत नाही. धाकटीला उंचावर चक्कर येते. मी भावाला म्हणालो, "तुमी तिघं जा. मी पिशव्यापाशी थांबतो." धाकटीही थांबली. पन्नास रुपये वाचले असं मी मनात धरलं. पुतणीनं फोटो काढायला आईचा मोबाइल घेतला आणि तिघं रांगेत लागले. रांग मोठी होती.

मी एका दुकानाच्या ओट्याच्या कडेला बसलो, पिशव्या मधे ठेवल्या. त्यांच्या पलीकडे धाकटी उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, पदर पुढे ओढून. आम्ही असे दोघंच कधी बसलो नव्हतो. घरात कोणी ना कोणी असतंच. मला अवघडल्यासारखं झालं, तिलाही झालं असणार. मी वही काढून सकाळपासूनचा खर्च लिहिला. मग रस्त्याच्या पलीकडे असलेल्या शौचालयात जाऊन आलो. पुरुषांच्या बाजूला कोणी नव्हतं. बायकांच्या दाराशी एक बाई प्लॅस्टिकचा डबा घेऊन खुर्चीवर बसली होती. मी परत येऊन बसलो.

थोड्या वेळानं धाकटी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मग परत आली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. मी समजलो, जाऊन आली.

रांगेमुळे वर गेलेल्यांना यायला सव्वा तास लागला. पुतणी वरून काय काय दिसलं ते सांगत आली. बांगड्यांच्या गल्लीत जायचं तिचं आधीपासून ठरलं होतं, म्हणून आम्ही लगेच निघालो. गल्लीत खांद्याला खांदा लागत होता. धाकटी सगळ्यांच्या मागे होती. मधेच बायको म्हणाली, "पाणी द्या, तिले पाह्यजे." मी बाटली बायकोला दिली, बायकोनं तिला दिली. आम्ही चार पावलं पुढे गेलो असू. मागे वळून पाहिलं तर बाटली खाली पडलेली, रिकामी, आणि धाकटीची साडी कमरेपासून खाली सगळी भिजलेली. फरशीवर पाणी वाहत होतं.

मी भावाकडे पाहून म्हणालो, "घ्या. वीस रुपये पाण्यात गेले."

भाऊ धाकटीला म्हणाला, "अवं, आंघोळ तर लॉजवर झालती ना. पुना कायले?"

सगळे हसलो. माझी बायको हसली, बांगड्यावाला हसला. सगळ्यांत आधी धाकटीच हसली होती, पदर तोंडाशी धरून. ते हसणं मला अजून दिसतं. तेव्हा मला ते नेहमीसारखंच वाटलं.

नंतर आम्ही जेवलो. धाकटी बसली नाही, म्हणाली म्हणे की बाकड्यावर बसून साडी अजून खराब होईल, उभ्यानंच खाल्लं. मग जुन्या वस्तूंचं मोठं संग्रहालय पाहिलं. लॉजवर परतायला साडेसहा झाले. डिसेंबरात साडेचार तास ती ओल्या साडीत चालली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तिला ताप होता. गावी आल्यावर आठ दिवस अंगात कसर राहिली, लघवीला जळजळ होत होती असं नंतर कळलं. तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला की थंडी बाधली. मी म्हणालो, ओल्या साडीत फिरली म्हणून झालं असेल. हे मी खरंच म्हणालो, आणि वरून म्हणालो की बाटली नीट धरायला पाहिजे होती.

सहलीचा हिशोब मी पंधरा दिवसांनी वाचून दाखवला. रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. असा हिशोब वाचायची आमच्याकडे पद्धत नाही, ती मीच पाडली आहे. बैठकीत मी आणि भाऊ, दारात माझी बायको, आत धाकटीचं मशीन चालू. मी सुरुवातीपासून वाचत गेलो. गाडीभाडं, लॉज, बोट, बस. पाकिटात शिल्लक किती ते शेवटी येणार होतं. भावाला झोप येत होती.

"दादा, तू लेहलं मनजे बराबरच असन. वाचतं कायले?"

"आयकून घे. मंग मनशीन कुठं गेले." मी पुढे वाचलं. "शौचालय, पाच रुपये. पाणी, एक बाटली, वीस रुपये. सांडली."

'सांडली' असं मी वहीत कंसात लिहिलं होतं. माझ्या मते ते लिहिणं बरोबर होतं, कारण खर्च झाला पण उपयोग झाला नाही. भाऊ हसला. म्हणाला, "ते मोठ्यानं वाच, त्या बांगड्यावाल्यालेबी आयकू जाईन असं." आतलं मशीन थांबलं. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

हिशोब संपला. भाऊ शेतात गेला. मी अंगणात आलो तर बायको सुपात तूर घेऊन खडे निवडत होती. तिनं वर न पाहता म्हटलं, "ते वीस रुपये खोडा."

"काहून?"

"खोडा मनलं ना."

"असे कसे खोडू? खर्च झाला ना."

तिनं सूप खाली ठेवलं. "ते पाणी तिनं सांडलं नाही. तिनं आंगावर वतलं."

"काहून?"

"काहून मनजे? आंधीच ओलं झालतं."

मला समजायला वेळ लागला. बायकोनं तो वेळ मला दिला. मग म्हणाली, "लॉजवर आल्यावर तिनं साडी धुतली, तवा मले सांगतलं. सकाळपासून थांबली होती ते. मले शपथ घातली, कोनाले सांगू नोका मने. मी तर तिथं हसलो होतो. मले तरी कुठं माहीत होतं." सूप तिनं परत मांडीवर घेतलं. "आज तुमी चारचौघात वाचलं मनून सांगून राह्यली. नाही तं नसतं सांगतलं."

मी म्हणालो, "मले काय माहीत तिच्यापाशी पैसे नव्हते."

बायको म्हणाली, "पैसे तं सारे तुमच्यापाशी होते."

मग ती पुन्हा खडे निवडायला लागली.

आता मला जे लिहायचं आहे ते हे. वर मी लिहिलं की धाकटी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, परत आली, आणि मी समजलो की जाऊन आली. बायकोलाही मी त्या दिवशी हेच सांगितलं आणि नंतर बरेच दिवस स्वतःलाही. ते खरं नाही.

मी पाहिलं होतं. रस्ता रुंद नाही तिथे. ती त्या डबेवाल्या बाईसमोर उभी राहिली. बाईनं डबा पुढे केला. धाकटीनं दोन्ही हात थोडे वर केले, मोकळे, असे. बाईनं मान हलवली आणि मागच्या बाईला आत सोडलं. धाकटी तिथे आणखी थोडी उभी राहिली. मग वळली. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण मी घड्याळ पाहत असतो. जाऊन येण्यात दोन मिनिटंही गेली नव्हती. आकडे मला कळतात.

ती वळली तेव्हा मी नजर काढून बांगड्यांच्या दुकानाकडे पाहायला लागलो. माझ्या शर्टाच्या खिशात पाचाची चार नाणी होती. मी खिशावर हात ठेवला होता, नाणी हाताला लागत होती. मला एवढंच करायचं होतं की एक नाणं पिशवीवर ठेवायचं आणि दुसरीकडे पाहायचं. बोलायचीही गरज नव्हती. ती स्टुलावर चहा ठेवते तसं.

का नाही ठेवलं याची कारणं मी खूप काढली. पहिलं, मला कळलं हे तिला कळलं तर तिला लाज वाटेल. भासऱ्यानं असल्या गोष्टीत पडू नये. हे कारण मला बरेच दिवस पुरलं. दुसरं, आता तिघं येतीलच, बायको आली की बघेल. ते तासाभरानं आले, आणि आल्यावर मी बायकोला काही म्हणालो नाही. तिसरं मी कोणाला सांगितलेलं नाही. ती परत आली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. सहलीआधी मी म्हणालो होतो की जे लागेल ते मला मागा, आणि न मागता कोणी गेलं तर कसं होतं ते कळलं, असं काहीतरी. ते पूर्ण वाक्य मनात आलं नव्हतं. पण त्याची चव होती, आणि ती चव मी ओळखतो. शाळेत एखादा शिक्षक अर्ज न करता बिल मागायला येतो आणि मी त्याला परत पाठवतो, तेव्हा तीच असते.

एवढ्यासाठी एका बाईनं, जिचे पंचवीस ब्लाऊज माझ्या पाकिटात होते, परक्या शहरात स्वतःच्या अंगावर पाणी ओतून घेतलं. आणि मी म्हणालो, वीस रुपये पाण्यात गेले.

बायकोनं सांगितल्यावर मी आधी वहीतली ती ओळ खोडली. खोडल्यावर बेरीज वीस रुपयांनी चुकायला लागली, म्हणून वीस रुपये माझ्या नावे टाकले. मग मला वाटलं, तिचे पंधराशे तिला परत द्यावेत. पाकिटात अकराशे चाळीस उरले होते. कमी पडले ते माझे घातले आणि सगळे एका कागदी पाकिटात भरले. पाकिटावर काही लिहिलं नाही. ते मी भावाच्या हाती दिलं असतं तर खताच्या दुकानात गेलं असतं. म्हणून बायकोला म्हणालो, "हे तिले दे. आणि सांग की माझ्यानं चूक झाली."

बायको म्हणाली, "पाकीट देतो. ते दुसरं तुमचं तुमी सांगा."

"मी कसा सांगू?"

"तोंडानं. मी पंधरा वर्सं तुमच्या दोघाईच्या मधात बोलून राह्यली. ह्या कामाले मी नाही."

पाकीट गेलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चहा पीत होतो, तर पुतणी आली आणि माझ्यासमोर हात धरला. हातात विसाची नोट.

"हे काय?"

"आई मनते, हे पान्याच्या बाटलीचे. तिच्याकून सांडली होती मने."

मी नोट घेतली. घ्यायला नको होती, पण समोर धरलेला पैसा मी घेतो, ती सवय आहे. पुतणी खेळायला पळाली. आत मशीन चालू होतं. मला कळेना की हा टोमणा आहे की तिला खरंच वाटतं की ती माझं वीस रुपये देणं लागते. आणि दोन्हींपैकी कोणतं जास्त वाईट तेही कळेना.

मी उठलो आणि त्यांच्या खोलीच्या दारात गेलो. त्या दारात मी पंधरा वर्षांत कधी उभा राहिलो नव्हतो. धाकटी मशीनवर होती, कोणाचा तरी हिरवा ब्लाऊज हाताखाली. माझी सावली पडली तशी ती उठली, पदर घेतला.

इथे माझी एक अडचण झाली, तीही लिहितो. तिला तू म्हणायचं की तुम्ही, हे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं एका चुलीवरचं खाऊन मला एवढं माहीत नव्हतं. बायकोला मी तू म्हणतो, शाळेतल्या शिपाईबाईला तुम्ही म्हणतो. मी मनात वाक्य दोन्हीकडून करून पाहिलं आणि मग असं बोललो की त्यात दोन्ही येणार नाही.

"हे वीस रुपये मायाले नाही लागत," मी म्हणालो. घाईत शब्द वाकडा गेला, 'मले' म्हणायचं होतं. "आणि तिथं, त्या बाईपाशी, मले दिसलं होतं. माया खिशात सुटे होते. मी देले नाही."

ती खाली पाहत होती. मशीनचं चाक हातानं धरलेलं होतं. मला वाटलं, ती बोलणार नाही. मुलगीही नव्हती मधे.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. आवाज मी रोज ऐकतो तोच होता, फक्त माझ्याकडे येत होता. "मी वळलो तवा तुमी तोंड फिरवलं. मी पाह्यलं."

मी हातातल्या नोटेची घडी घातली.

"मंगच मी परत येऊन तितं उभी राह्यलो, तासभर. मले वाटलं, आता देतीन. पिशवीवर ठेवतीन."

मी नोट मशीनच्या फळीवर ठेवली. जायला वळलो. तेव्हा ती म्हणाली, "मोठे बाबा."

पंधरा वर्षांत तिनं मला मारलेली ती पहिली हाक. मुलीच्या तोंडचं नाव तिनं वापरलं, दुसरं नव्हतंच.

"नोट नोको. तितं सुटे लागते."

ती हसून म्हणाली की रागानं ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची सवय नाही. मी नोट उचलली, चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काही घ्या, नुसते सुटे नाहीत. मी म्हणालो, काही घ्यायचं नाही, सुटेच पाहिजेत. तो माझ्याकडे पाहत राहिला, कारण मीच त्याला नेहमी सांगत असतो की सुट्यासाठी गोळ्या देत जाऊ नको. मग त्यानं गल्ला उपसून दिले.

परत आलो. ती मशीनजवळून हलली नव्हती. नाणी फळीवर ठेवायला मी हात पुढे केला, तर तिनं हात पुढे केला. मी थांबलो, तीही थांबली. मग मी ठेवली.

दिलं ते एवढं: वीस रुपये, पाचाची चार नाणी, धाकटीच्या हातावर.